नळीत शिरणारा यंत्रसर्प

वाचकहो, विहिरीपासून शेतापर्यंत जमिनीखालून टाकलेली पाइपलाइन चोंदली म्हणजे केवढी पंचाईत होते, हे तुम्हाला सांगायला नको. दोष नेमका कुठे आहे, ते वरून दिसत नाही. अंदाजाने दोनचार ठिकाणी खणावे, तेव्हा कुठे जागा सापडते. आता अशीच नळी अणुवीज केंद्रात असेल तर? तिथल्या किरणोत्सर्गाला ना रंग ना वास. पण तो माणसाचा जीव घेतो. अशा जागी पाठवण्यासाठी शास्त्रज्ञांनी सापाकडून धडा घेतला.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात हॉवी चोसेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्रसर्प तयार केला. जाडी दोन इंच, लांबी तीन फुटांहून थोडी अधिक. साखळीच्या कड्यांसारखे १६ तुकडे एकमेकांत जोडलेले. एक सांधा वरखाली वाकतो, तर पुढचा डावीउजवीकडे. नळीच्या आतल्या बाजूला अंग दाबून, गडगडत तो उभ्या नळीतही चढतो. तोंडाशी दिवा आणि कॅमेरा. अंगाबरोबर कॅमेराही फिरतो, तरी बाहेर बसलेल्या माणसाला चित्र सुलटेच दिसते. ती व्यवस्था संगणक करतो. मागून ढकलायची साधी दुर्बीण-नळी एकदोन वळणांनंतर अडते. हा अनेक वळणे घेतो.

२०१३ साली त्याची परीक्षा ऑस्ट्रियातील झ्वेंटेनडॉर्फ येथे झाली. तिथले अणुवीज केंद्र बांधून तयार होते, पण १९७८ च्या जनमतात लोकांनी नको म्हटले, म्हणून ते कधी सुरूच झाले नाही. नळ्या खऱ्या, धोका मात्र नाही. शिकाऊ गड्यासाठी यापेक्षा चांगली तालीम कोणती?

खरी कसोटी कशी असते, ते जपानमध्ये दिसले. मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने फुकुशिमा येथील तीन अणुभट्ट्यांतले इंधन वितळले. एप्रिल २०१५ मध्ये पहिल्या भट्टीच्या कवचात एक वेगळा यंत्रसर्प सोडण्यात आला. वाट होती अवघ्या १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीची. नळीतून जाताना तो सरळ काठीसारखा. आत पोचल्यावर दोन्ही टोके वळवून, बुलडोझरसारख्या छोट्या पट्ट्यांवर चालणारा. सुमारे तीन तासांनी तो जाळीच्या फटीत अडकला आणि शेवटी त्याची तार कापून त्याला तिथेच सोडावे लागले. काही दिवसांत दुसरा पाठवला. या पाहणीत तासाला ९.७ सीव्हर्टपर्यंत किरणोत्सर्ग आढळला. तिथे माणूस तासभर थांबला, तर त्याच्या जगण्याची आशा उरत नाही.

यंत्र गेले, पण कुणाच्या घरी सुतक आले नाही. आतली चित्रे मात्र हाती आली. या साऱ्या खटाटोपाचे मोल एवढ्यात आहे.

मंडळी, यंत्रसर्प काही आपल्या वाड्यावर येणार नाही. पण त्यामागची रीत आजच घेण्यासारखी आहे. गोबर गॅसची टाकी, बंद पडलेली खोल विहीर, मैल्याची टाकी, इथेही न दिसणारा वायू दबा धरून असतो. एक जण आत कोसळला, की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. म्हणून घरातल्या पोरांना बजावून ठेवा: आत काय आहे हे बाहेरून कळेपर्यंत कुणीही उतरायचे नाही.