ज्वारीचे हिरवे फुटवे दिसले म्हणून गुरं सोडू नका. पाच-दहा मिनिटांत जनावर आडवं पडतं ते असं

नेकनूर : पावसाने मोठा खंड दिला, ज्वारी माना टाकून उभी राहिली आणि मग एक सर येऊन गेली की दोन-चार दिवसांत रान पुन्हा हिरवं दिसायला लागतं. ज्वारी काढल्यावर अवकाळी बरसला तरी तेच होतं. धसकटाला कोवळे पोंगे फुटतात. दावणीचा कडबा संपत आलेला असतो, गुरं हिरव्यासाठी ओढ घेतात आणि माणूसही म्हणतो, खाऊ दे दोन घास. ह्या दोन घासांनी मांजरसुंबा ते केज पट्ट्यातच काय, सगळ्या मराठवाड्यात आजवर कित्येक दावणी रिकाम्या केल्यात. जुनी माणसं याला ‘किराळ लागली’ म्हणतात. काही जण नजर लागली म्हणतात, काही जण पान लागलं म्हणजे साप चावला म्हणतात. खरं कारण त्या पोंग्यातच असतं. ते सायनाइड.

मग ज्वारी स्वतः कशी मरत नाही? कारण पोंग्यात तयार सायनाइड नसतंच. ज्वारीच्या पानात ‘धुरिन’ नावाचा एक पदार्थ असतो. त्यात सायनाइडचा भाग साखरेच्या, म्हणजे ग्लुकोजच्या एका कणाला बांधून ठेवलेला असतो. बांधलेला आहे तोवर तो गप्प. ही गाठ सोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच पानात असतं, पण वेगळ्या कप्प्यात. काडीचा गुल एकीकडे आणि काडेपेटीची कड दुसरीकडे, तसं. घासल्याशिवाय पेटत नाही.

गाय पान चावते तेव्हा पेशी फुटतात आणि दोन्ही एकत्र येतात. विकर म्हणजे एक प्रथिनच. अमिनो आम्लांची लांब साखळी घडी पडून तिला एक खाच तयार होते आणि त्या खाचेत धुरिन नेमकं बसतं. मग पाण्याचा एक कण मध्ये घुसतो, ग्लुकोज बाजूला पडतं आणि लगेच दुसरं विकर उरलेल्या तुकड्यातून सायनाइड मोकळं करतं. विकर स्वतः खर्ची पडत नाही, एक गाठ सोडून दुसरीकडे वळतं. म्हणून सगळं मिनिटांत होतं.

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांना धोका जास्त तो त्यांच्या पोटामुळे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटात भरपूर पाणी, ऊब आणि कोट्यवधी जिवाणू असतात. त्या जिवाणूंकडेही धुरिन फोडणारी विकरं आहेत. घोड्याच्या जठरात आंबट रस असल्याने विकराची घडी मोडते, त्यामुळे त्याला त्रास कमी होतो.

रक्तात गेलेलं सायनाइड पेशीपर्यंत पोचतं आणि तिथे पुन्हा एका विकरालाच धरतं. श्वासातून आलेला ऑक्सिजन वापरून पेशीला ताकद मिळवून देणारं जे शेवटचं विकर आहे, त्यातल्या लोखंडाला ते चिकटून बसतं. म्हणजे जनावर धापा टाकतंय, रक्तात ऑक्सिजन आहे, पण पेशीला तो वापरता येत नाही. न वापरलेला ऑक्सिजन रक्तात तसाच राहतो, म्हणून सुरुवातीला हिरड्या आणि रक्त लालभडक दिसतं. तोंडाला फेस, लटपटणारे पाय, झटके आणि मग जनावर कोसळतं. जास्त खाल्लं असेल तर पाच-दहा मिनिटंही पुरतात, नाहीतर तास-दोन तास.

किती खाल्लं म्हणजे घात? जनावराच्या किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम सायनाइड जीव घेऊ शकतं. ३५० किलोच्या गाईला ७०० मिलिग्रॅम. एक किलो ओल्या चाऱ्यात २०० मिलिग्रॅम असेल तर तो धोक्याचा मानतात. हिशेब केला तर साडेतीन किलो चारा झाला. भुकेली गाय तेवढा बघता बघता ओढते. फार कोवळ्या किंवा सुकून पुन्हा फुटलेल्या ज्वारीत प्रमाण याहून कितीतरी जास्त असू शकतं.

पाण्याचा ताण पडला की वाढ थांबते, पण मुळांनी घेतलेलं नत्र पानात पडून राहतं आणि धुरिनही साठतं. त्यावर युरिया जास्त टाकलेला असला तर आणखी भर. शेंड्याची कोवळी पानं सगळ्यात वाईट, खोडात त्या मानाने कमी. पीक निसवून फुलोऱ्यात आलं की प्रमाण उतरतं. म्हणून कडवळ अर्धं तरी फुलोऱ्यात आल्यावरच कापावं, आणि त्याआधी गुरांच्या पोटात थोडा कोरडा चारा गेलेला असावा. कापलेली ज्वारी उन्हात नीट वाळवली तर बरंचसं सायनाइड उडून जातं, कारण ते २६ अंशालाच उकळतं. नुसती कोमेजलेली ज्वारी मात्र वाळलेली समजू नये.

आपल्या जिल्ह्यात एक वेगळीच अडचण आहे. ऐन हंगामात घरची कर्ती माणसं ऊसतोडीला कारखान्यावर असतात. गुरं म्हाताऱ्यांच्या नाहीतर पोरांच्या हाती. फोनवर खुशाली विचारताना ‘ज्वारीच्या रानाकडं सोडू नको’ एवढं वाक्य बोललं तरी पुष्कळ. बाजारातून नवं जनावर आणताना तर जास्तच जपावं, ते वाटेत उपाशी असतं आणि दिसेल ते ओढतं.

जनावर लटपटताना दिसलं तर ताक, तेल, गूळपाणी नळीने पाजत बसू नये. झटके येणाऱ्या जनावराच्या घशात ओतलेलं फुफ्फुसात जातं. चारा तोंडापुढून काढा, सावलीत घ्या, फार धावपळ करू नका आणि ताबडतोब डॉक्टरांना फोन करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. काय खाल्लं आणि किती वेळ झाला, हे सांगा.

याला उतारा आहे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. पहिलं औषध रक्तातल्या लोखंडाचं रूप बदलतं, मग सायनाइड पेशी सोडून तिकडे ओढलं जातं. दुसरं औषध गंधक पुरवतं. यकृतातलं एक विकर ते गंधक सायनाइडला जोडतं आणि तयार झालेला कमी विषारी पदार्थ लघवीवाटे निघून जातो. विषही विकरानेच सुटलं आणि उतरवायलाही विकरच. वेळेत सुई लागली तर आडवं पडलेलं जनावर उठून उभं राहतं. पण हे काम डॉक्टरांचंच. ताण पडलेल्या ज्वारीत नायट्रेटचंही विष असतं, त्यात रक्त चॉकलेटी होतं आणि तिथे नायट्राइट दिलं तर उलटाच घात होतो.

आता भाकरीची काळजी नको. पिकलेल्या दाण्यात धुरिन नावापुरतंच असतं, हुरड्यालाही भीती नाही. फक्त मटकीसारखे मोड आणून ज्वारी कच्ची खाऊ नये. कोंब फुटला की त्यात धुरिन भराभर तयार होतं.