श्टाउफेन इम ब्राइसगाउ

श्टाउफेन इम ब्राइसगाउ हे जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातील एक लहान शहर आहे. फ्रायबुर्गच्या दक्षिणेस, ब्लॅक फॉरेस्ट डोंगररांगेतील म्युन्स्टरटालचे खोरे जेथे ऱ्हाइन नदीच्या मैदानास मिळते तेथे ते वसले आहे. लोकसंख्या सुमारे ८,००० असून परिसरात द्राक्षमळे आहेत.

इतिहास

श्टाउफेनचा पहिला लिखित उल्लेख इ.स. ७७० मधील आहे. मध्ययुगात म्युन्स्टरटालमधील चांदीच्या खाणींमुळे या भागाला महत्त्व आले. येथील सरदारघराणे १६०२ साली निर्वंश झाले व शहर हाब्सबुर्गांकडे गेले. टेकडीवरील किल्ला तीस वर्षांच्या युद्धात, १६३२ साली, स्वीडिश सैन्याने उद्ध्वस्त केला. त्याचे केवळ अवशेष उरले आहेत. २१ सप्टेंबर १८४८ रोजी गुस्टाफ श्ट्रुवे याने ल्योराख येथे जर्मन प्रजासत्ताकाची घोषणा केली. तीनच दिवसांनी श्टाउफेनच्या लढाईत त्याच्या अनुयायांचा पराभव झाला.

किमयागार योहान गेओर्ग फाउस्ट याचा मृत्यू सुमारे १५४० साली येथे किंवा जवळपास झाला, असे सोळाव्या शतकातील त्सिमर्न बखरीत म्हटले आहे. सैतानाने त्याची मान मोडली, ही मात्र दंतकथा होय.

जमिनीचा उठाव

शहराला जगभर प्रसिद्धी मिळाली ती वेगळ्याच कारणाने. जुन्या नगरभवनाला भूगर्भातील उष्णता पुरवण्यासाठी सप्टेंबर २००७ मध्ये त्यालगत सुमारे १४० मीटर खोलीची सात छिद्रे घेण्यात आली. हेतू पर्यावरणपूरक होता. परंतु छिद्रांवाटे खालचे दाबयुक्त भूजल वर चढून अ‍ॅन्हायड्राइटच्या थरात शिरले. पाणी शोषल्यावर या खनिजाचे जिप्सम बनते व त्याचे आकारमान सुमारे ६० टक्क्यांपर्यंत वाढते. त्यामुळे जमीन फुगू लागली. आरंभी हा वेग महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर होता. सर्वत्र सारखी न उचलल्याने भिंतींना तडे गेले. अडीचशेहून अधिक इमारतींचे नुकसान झाले आणि काही पाडाव्या लागल्या. दोष भूऔष्णिक ऊर्जेचा नव्हे, तर खालच्या खडकाचा व छिद्रे नीट सीलबंद न होण्याचा होता. पुढे राज्याने जिप्समयुक्त थरांतील छिद्रणाचे नियम कडक केले.

२००९ पासून छिद्रे पुन्हा सीलबंद करून भूजल उपसण्यास सुरुवात झाली व उठावाचा वेग बराच मंदावला. उपसा थांबल्यास पाणी पुन्हा वर चढू शकते, म्हणून पंप सतत चालू ठेवावे लागतात.