सचिनची फेरारी आणि एक कोटी तेरा लाखांचा प्रश्न

दोस्तांनो, जरा डोळे मिटा आणि एक कल्पना करा. भर दुपार आहे. संग्रामपूरच्या स्टँडवरून शेगावची एसटी नुकतीच निघून गेलीय. धुरळा अजून खाली बसायचाय. आणि वरवट बकालच्या बाजूने एक लालभडक, चपटी, जमिनीला चिकटून चालणारी गाडी येते. आवाज असा, की जणू पोटात वाघच कोंडलाय! टपरीवरची मंडळी हातातला चहा तसाच ठेवून उभी राहतात. "हे कायची गाडी हाय रे बाप्पा?" एक आजोबा विचारतात. पोट्टे तर केव्हाचे मागे पळत सुटलेत.

पण चौकातले पोलीसकाका गाडीचा रंग बघत नाहीत, आवाज ऐकत नाहीत. ते बघतात नंबर प्लेट. एमएच २८! म्हणजे आपल्या बुलडाणा जिल्ह्याचीच की गाडी.

परदेशात, परदेशातल्या रस्त्यांसाठी तयार झालेली गाडी अशी 'आपली' कशी होते? पैसे मोजले, जहाजात घातली, आणली आणि फिरवली, इतकं सोपं आहे का ते? मुळीच नाही! अहो, खुद्द सचिन तेंडुलकरची गाडीसुद्धा यातून सुटली नाही. तीच गोष्ट आधी सांगतो.

एप्रिल २००२. वेस्ट इंडीजमधलं पोर्ट ऑफ स्पेन. सचिनने तिथे ११७ धावा काढल्या आणि त्याचं कसोटीतलं २९वं शतक झालं. सर डॉन ब्रॅडमन यांचीही बरोबर २९ शतकं! त्या वेळी सचिन फियाट कंपनीच्या पालिओ गाडीच्या जाहिरातींत झळकत होता, आणि फेरारी ही कंपनी तेव्हा फियाटच्याच मालकीची. मग काय, फियाटने ठरवलं, की या पराक्रमाबद्दल सचिनला फेरारी भेट द्यायची. जुलै २००२ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला गाडी त्याच्या हवाली केली ती कुणी? मायकेल शूमाकरने! फॉर्म्युला वनचा बादशहा आणि क्रिकेटचा बादशहा शेजारी शेजारी, आणि मध्ये लाल फेरारी.

गाडीचं नाव '३६० मोडेना'. मोडेना हे इटलीतलं गाव, एन्झो फेरारी यांचं जन्मगाव. इंजिन पुढे नाही, तर ड्रायव्हरच्या पाठीमागे. आठ सिलिंडर, ताकद ४०० अश्वशक्ती. ताशी शून्यावरून १०० किलोमीटरचा वेग गाठायला साडेचार सेकंद. तेवढ्या वेळात आपली एसटी पहिला गिअरसुद्धा नीट टाकत नाही! गाडीची सांगाड्यापासून बांधणी ॲल्युमिनियमची, म्हणून वजन कमी.

पण ही गाडी भारतात आणायची म्हटल्यावर घोडं अडलं. कुठे? कस्टम्समध्ये. परदेशातून येणाऱ्या मालावर सरकार जो कर घेतं त्याला कस्टम्स ड्यूटी, म्हणजे सीमाशुल्क म्हणतात. गाडीची किंमत साधारण ७५ लाख रुपये आणि तिच्यावरचं शुल्क १ कोटी १३ लाख! नाकापेक्षा मोती जड, तो असा.

बक्षीस की भेट?

तुमच्यातला एखादा हुशार दोस्त म्हणेल, "पण रवी शास्त्रीला तर माफ केलं होतं!" बरोबर आहे. १९८५च्या मार्चमध्ये मेलबर्नला वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेटच्या अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानला हरवलं. शास्त्री 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरला आणि त्याला मिळाली ऑडी १००. सगळा संघ त्या गाडीवर चढून, टपावर बसून मैदानभर फिरला. ती गाडी बोटीने मुंबईला आली तेव्हा सरकारने तिच्यावरचं शुल्क सोडून दिलं.

मग सचिनचं काय वेगळं होतं? फरक एकाच शब्दाचा. शास्त्रीची ऑडी होती बक्षीस. स्पर्धेत जिंकलेलं. सचिनची फेरारी होती भेट. कंपनीने आपण होऊन दिलेली. आणि त्या वेळच्या नियमात सवलत होती ती बक्षिसाला, भेटीला नव्हे.

तेव्हा २००३ साली सरकारने नियमातच बदल केला आणि फेरारीला शुल्क माफ झालं. झालं! जुलैमध्ये ही बातमी फुटली आणि देशभर गलका उठला. गंमत बघा, ओरडणाऱ्यांत सचिनच्या प्रत्येक चौकारावर टाळ्या पिटणारेही होते. ते म्हणाले, सचिन आमचा लाडका आहे, पण शेतकऱ्याच्या काडेपेटीवर कर आणि फेरारीवर नाही, हे कसं? दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. दुसरी बाजू अशी, की ज्याने देशाला एवढं दिलं त्याला एवढी सवलत दिली तर कुठे बिघडलं? दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं होतं. पण माझं विचाराल तर नियम आधी आणि नाव नंतर. एका माणसासाठी बदललेला नियम हा नियम राहत नाही, ती ओळख होते.

शेवटी सचिनने स्वतःच शुल्क भरायची तयारी दाखवली, आणि ती सगळी रक्कम अखेर फियाटने भरली. फेरारी रीतसर झाली!

एवढा पैसा होतो कसा?

आता थोडं गणित करू, सोपंच आहे. समजा, संग्रामपूरच्या कुणा सरकीवाल्या शेठजींना इटलीहून १ कोटीची गाडी आणायचीय. (१ कोटी म्हणजे गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा, तिन्ही मिळून. शुल्क या बेरजेवर लागतं.) सीमाशुल्काचा दर अंदाजपत्रकागणिक खालीवर होतो, पण हिशेबापुरता शंभर टक्के धरा. झाले २ कोटी. आता जीएसटी. तो लागतो गाडीच्या १ कोटीवर नव्हे, तर शुल्क धरून झालेल्या २ कोटींवर! सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना जीएसटी ४० टक्के आहे. म्हणजे ८० लाख. एकूण २ कोटी ८० लाख. वर राज्य सरकारचा वाहनकर आणि विमा वेगळाच. करावर कर, तो हा असा.

बरं, शेठजींकडे पैसे आहेत. मग कुठलीही गाडी चालेल का? नाही. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने जातात, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे हवं. ब्रिटनमध्ये आणि जपानमध्ये तसंच असतं. पण अमेरिकेत आणि दुबईत स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे दुबईच्या काकांनी "माझी गाडी घेऊन जा" असं कितीही प्रेमाने म्हटलं, तरी ती इथे उतरणार नाही. स्पीडोमीटर मैलांत चालत नाही, किलोमीटर दिसायला हवेत.

आणि हेडलाइट! ही भानगड फार थोड्यांना ठाऊक असते. मोटारीचा डिपर सरळ पडत नाही. तो आपल्या कडेच्या बाजूला थोडा वळवलेला असतो, म्हणजे सायकलवाला, पायी चालणारा माणूस नीट दिसावा आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत. उजवीकडून चालणाऱ्या देशातली गाडी आपल्याकडे आणली, तर तिचा उजेड बरोबर समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. रात्री शेतातून बैलगाडी घेऊन परतणाऱ्या माणसाला विचारा, हा नियम का आहे ते!

गाडी जुनी असेल तर आणखी अटी. ती तयार होऊन तीन वर्षांपेक्षा जास्त काळ लोटलेला नसावा, आणि ती देशातल्या वाटेल त्या बंदरात उतरवता येत नाही. फक्त मुंबई बंदर. उतरल्यावर तिची परीक्षा होते. परीक्षा घेणाऱ्या संस्थांपैकी दोन आपल्या महाराष्ट्रातल्याच आहेत. एक पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय, १९६६ साली स्थापन झालेली. दुसरी अहिल्यानगरची (म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरची) व्हीआरडीई, जी संरक्षण खात्याची आहे. ब्रेक, धूर, दिवे, आवाज, सगळं तपासायचं. नव्या गाड्यांसाठी २०१८ साली केंद्र सरकारने थोडी ढील दिली. परदेशातली मान्य प्रमाणपत्रं असतील, तर कंपनीला किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीला वर्षाला २,५०० गाड्यांपर्यंत इथली वेगळी चाचणी न करता आणता येतात. स्टिअरिंग मात्र तेव्हाही उजवीकडेच!

प्रत्येक गाडीवर १७ अक्षरांचा आणि आकड्यांचा एक नंबर कोरलेला असतो, तिची जन्मखूणच म्हणा ना. फेरारीचा नंबर झेड-एफ-एफ असा सुरू होतो. बंदरावर कस्टम्सचे अधिकारी तो नंबर कागदांशी ताडून बघतात. शुल्क भरल्याचा कागद, त्याला 'बिल ऑफ एंट्री' म्हणतात, तो हातात आला की गाडी बाहेर. पण अजून रस्त्यावर नाही बरं! मालक ज्या राज्यातला, तिथल्या आरटीओत नोंदणी. संग्रामपूरच्या शेठजींना बुलडाण्याला जाता येईल. तिथे कस्टम्सचा दाखला, विमा, धुराचं प्रमाणपत्र, कर भरल्याची पावती, सगळं बघून मग मिळतो एमएच २८चा नंबर.

या शेवटच्या पायरीला कुणी किरकोळ समजू नका. १९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघंही गेले. गाडी चालवत होता १७ वर्षांचा मुलगा, असं पोलिसांचं म्हणणं. नंतर परिवहन खात्याने सांगितलं, की परदेशातून आलेल्या त्या महागड्या गाडीची कायमची नोंदणीच झालेली नव्हती. फी राहिली होती. किती? १,७५८ रुपये! इथे हेही सांगून टाकतो, की २०१९ पासून कायदा असा आहे, की अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

चोरवाटा शोधणारेही असतातच. परदेशी वकिलातींना गाड्या आणायला सवलत असते, तर त्यांच्या नावावर गाड्या आणून दुसऱ्यालाच विकायच्या, असा उद्योग २०२१ साली महसूल गुप्तचर खात्याने पकडला. 'ऑपरेशन मॉन्टे कार्लो' हे त्या मोहिमेचं नाव. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' चालवलं, भूतानमार्गे आलेल्या गाड्यांसाठी. नुमखोर म्हणजे भूतानच्या भाषेत गाडी! अशा गाड्या जप्त होतात, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा घेणाऱ्याने पूर्ण पैसे मोजलेले असतात. फक्त सरकारला नव्हे, तर विकणाऱ्याला.

आता शेठजींच्या गाडीला नंबर मिळाला, मुंबईहून पाचशे किलोमीटर कापून ती गावात आलीसुद्धा. पण चालणार कुठे? आमच्या भागाची माती काळी, कपाशीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन वर्षांत पाण्याच्या लाटांसारखा होतो. अशा गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नसतं. पहिल्या गतिरोधकाला 'खर्रर्र'! सातपुड्याच्या पायथ्याचे रस्ते ट्रॅक्टरचे, जीपचे. कस्टम्सने सोडलं तरी गतिरोधक सोडत नाही. त्याला सचिन काय नि शेठजी काय, दोघं सारखेच.

सचिनने पुढे ती फेरारी विकली. २०११ साली ती गुजरातमध्ये सुरतला गेली. तिच्यावरून राजेश मापुसकर यांनी 'फेरारी की सवारी' हा हिंदी सिनेमा काढला, २०१२ साली. त्यातल्या बापाला आपल्या मुलाच्या क्रिकेटपायी सचिनची फेरारी थोडा वेळ हवी असते. हा बाप नोकरीला कुठे असतो माहीत आहे? आरटीओत, कारकून! आणि स्वभाव असा, की चुकून सिग्नल तोडला तर आपण होऊन पोलिसाला शोधतो आणि दंड भरतो.