गुणवत्तेचे माप आणि वाळपईचे अंतर

बारावीचा निकाल लागला की सत्तरी तालुक्यातील अनेक घरांत आनंदाबरोबर चिंताही शिरते. सुर्ला किंवा चरावणे येथून वाळपईला येऊन शिकलेल्या मुलाने उत्तम गुण मिळविले, तरी तेवढ्याने त्याला वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडत नाही. २०१६ पासून त्यासाठी देशभर 'नीट' ही एकच परीक्षा सक्तीची आहे. तिच्या तयारीचे खासगी वर्ग शहरांत, त्यांची फी शहरी मिळकतीला झेपणारी, आणि वाळपईहून पणजी तर चाळीस किलोमीटरांहून दूर.

सामायिक परीक्षेमागील हेतू वाईट नव्हता. निरनिराळ्या परीक्षांची दमछाक आणि देणग्यांचा बाजार यांस आळा घालणे अगत्याचेच होते. परंतु एकाच परीक्षेवर सारा भार टाकल्याने न्याय आपोआप होतो, हा भ्रम २०२४ साली दूर झाला. फेरपरीक्षेची मागणी फेटाळताना सर्वोच्च न्यायालयानेही हजारीबाग आणि पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे मान्य केले.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली 'गाओकाओ' ही प्रवेशपरीक्षा १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. मात्र तेथे जागा प्रांतवार वाटल्या जात असल्याने राजधानीतील मुलाची वाट अधिक सुकर असते. ब्रिटनमध्ये शिक्षकांनी वर्तविलेल्या गुणांना महत्त्व आहे. म्हणजे तेथे विश्वास शाळेवर. जर्मनीत 'आबिटुर' ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास बहुतेक शाखा खुल्या असतात; चुरस असते ती वैद्यकासारख्या मोजक्या विषयांत. हॉलंडने तर १९७२ पासून अनेक वर्षे वैद्यकीय जागांसाठी सोडत काढली. ठराविक पात्रतेनंतर गुणांतील बारीक फरकाला फारसा अर्थ नाही, ही त्यामागील प्रांजळ कबुली होती.

आम्हांला अधिक विचारार्ह वाटतो तो अमेरिकेतील टेक्सास राज्याचा १९९७ चा कायदा. प्रत्येक शाळेतील पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश, असे त्याचे मूळ स्वरूप. एका विद्यापीठासाठी पुढे त्यास मर्यादा घालावी लागली. पण तत्त्व टिकले. ते तत्त्व असे की, विद्यार्थ्याची तुलना प्रथम त्याच्याच परिस्थितीत शिकलेल्यांशी करावी. खेड्यातील मुलाने किती मजल मारली, हे तो कोठून निघाला ते पाहिल्याविना कळणार कसे?

आपल्या देशातही हा विचार परका नाही. तामिळनाडूने २०२० मध्ये सहावी ते बारावी सरकारी शाळांत शिकलेल्या व 'नीट' उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखल्या. उलट महाराष्ट्राने त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशातील सत्तर-तीसचे प्रादेशिक सूत्र रद्द केले. कारण त्यामुळे मराठवाड्यातील विद्यार्थ्यांवरच अन्याय होतो, अशी तक्रार होती. यावरून बोध घ्यायचा तो एवढाच की, अशी योजना डोळसपणे आखावी लागते. नाहीतर औषधच अपाय करते.

गोवा सरकारने आपल्या अखत्यारीतील जागांपैकी काही जागा प्रत्येक तालुक्यातील अग्रणी विद्यार्थ्यांसाठी ठेवण्याचा विचार करावा. पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट कायम राहावी. तसेच सहावीपासून त्याच तालुक्यात शिक्षण झालेले असावे, म्हणजे शहरातील मुलांची नावे आयत्या वेळी खेड्यातील पटावर चढणार नाहीत. यामुळे गुणवत्ता ढासळेल, ही ओरड होईलच. पण शिकवणीची फी भरण्याची ऐपत आणि गुणवत्ता एक नव्हेत, हे ओरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मुक्तीपूर्वी गोव्यात विद्यापीठ नव्हते. पदवीसाठी कोणी लिस्बन-कोइंब्रा गाठी, तर कोणी मुंबई-पुण्याची वाट धरी. ज्याला ते परवडत नसे, त्याचे शिक्षण तेथेच खुंटे. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि ते अंतर मिटले, असे आपण मानले. वाळपईच्या मुलापुरते ते अजून मिटलेले नाही. अंतर मिटविण्याचे काम शासनाचे आहे. ते एकट्या विद्यार्थ्याच्या शिरावर टाकून त्याच्या अपयशाला गुणवत्तेचा अभाव म्हणणे हा न्याय नव्हे.