मोटारीची लांबी व सहकार्याचे भवितव्य

दोन संस्थांच्या सहकार्यातून निर्माण होणाऱ्या मोटारीचे स्वरूप केवळ यंत्रशास्त्राने ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः नियमांनी आखलेल्या मर्यादाही ते ठरवीत असतात. अमेरिका व नाशिक येथील दोन उदाहरणांवरून ही गोष्ट स्पष्ट होईल.

मध्यम आकाराच्या मोटारीत ४०० घन इंचांहून मोठे एंजिन बसवावयाचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. १९६८ साली त्या समूहातील ओल्ड्समोबील शाखेने, गिअर बदलण्याच्या दांड्यांकरिता प्रसिद्ध असलेल्या हर्स्ट संस्थेशी हातमिळवणी करून, ४५५ घन इंचांचे व ३९० अश्वशक्तीचे एंजिन असलेली 'हर्स्ट-ओल्ड्स' मोटार बाजारात आणली. त्या वर्षी अशा ५१५ मोटारी निघाल्या. बाहेरच्या भागीदाराच्या नावामुळे येथे मर्यादा ओलांडता आली.

नाशिकचा अनुभव याच्या उलट आहे. महिंद्र व फ्रान्सची रेनो या संस्थांनी २००५ मध्ये ५१ व ४९ टक्के भागीदारीचा करार केला. रुमानियात २००४ पासून तयार होत असलेली 'लोगान' नाशिक येथे बनवावयाची, असे ठरले. परंतु २००६ च्या अंदाजपत्रकाने लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणताना दोन अटी घातल्या. लांबी ४ मीटरपेक्षा अधिक नसावी. आणि एंजिन पेट्रोलचे असल्यास १,२००, डिझेलचे असल्यास १,५०० घन सेंटिमीटरपर्यंतच असावे.

२००७ मध्ये विक्रीस आलेल्या लोगानचे डिझेल एंजिन १,४६१ घन सेंटिमीटरचे, म्हणजे मर्यादेत बसणारे होते. लांबी मात्र सुमारे सव्वाचार मीटर होती. पाव मीटरामुळे सवलत हुकली. भागीदारीच्या काळात ही लांबी कमी झाली नाही. उलट टाटांची आखूड 'इंडिगो सी.एस.' २००८ मध्येच सवलतीच्या कक्षेत आली.

२०१० मध्ये महिंद्रने रेनोचा हिस्सा विकत घेतला व २०११ मध्ये मोटारीस 'व्हेरिटो' हे नाव दिले. २०१३ च्या 'व्हेरिटो व्हाइब'मध्ये पुढील व मागील आसांमधील अंतर तेच ठेवून डिकी आखूड करण्यात आली. लांबी ३,९९१ मिलिमीटर झाली. तोवर मारुतीची आखूड 'डिझायर'ही बाजारात येऊन वर्ष उलटले होते.

लोगानच्या पिछेहाटीचे सारे खापर करावर फोडणे योग्य होणार नाही. तिची साधी घडणही ग्राहकांस फारशी रुचली नाही. तथापि सहकार्याच्या करारात भांडवलाच्या वाटणीइतकाच, आराखड्यात बदल कोणी व किती त्वरेने करावयाचा हा प्रश्नही निर्णायक असतो, हे यावरून दिसून येते.