शितावरून खडकाची परीक्षा होत नाही

चंद्रपूर जिल्ह्यात मूलच्या आसपास धानाच्या बांधीत बोअरची गाडी लागली की बघायला माणसं जमतात. मीही थांबतो. खाली हातोडा ठोकत असतो, कंप्रेसरच्या हवेबरोबर पांढुरका भुगा वर उडत असतो. मग एकाएकी ठोक्याचा आवाज बदलतो. रॉड झपकन खाली सरकतो, भुगा ओलसर होतो, त्यात एका बाजूने तांबूस झालेल्या चिपा दिसू लागतात. गाडीवाला म्हणतो, "चीर लागली." त्यातली एक चिप हातात घेतली तर ती टणकच लागते आणि बघणाऱ्यांपैकी कुणीतरी निकाल देऊन टाकतो, "खाली नुसता फत्तर आहे!"

इथंच पहिला आणि सगळ्यात मोठा गैरसमज आहे. एक शीत दाबलं की भात शिजला की नाही ते कळतं, कारण पातेल्यातली सगळी शितं सारखी शिजतात. खडकाचं तसं नाही. मूल, सिंदेवाही, नागभीड या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी अडीच अब्ज वर्षांहून जुना ग्रॅनाइट-नाइस आहे. हा दगड स्वतः पाणी जवळजवळ धरत नाही. पाणी असतं ते त्याच्या भेगांत. खडक दाबाखाली किती दबेल, किती सरकेल हेही बरंचसं भेगाच ठरवतात. चिप खोटं बोलत नाही, पण ती स्वतःपुरतंच सांगते.

याच कुळीचा खडक सातारा जिल्ह्यात कोयनेच्या परिसरात बसाल्टच्या जाड थरांखाली गाडलेला आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे तिथं 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. कोयना धरणात पाणी साठू लागल्यापासून, म्हणजे 1962 पासून, तिथली जमीन हादरत आली आहे. म्हणून केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने आधी सुमारे दीड किलोमीटर खोलीची नऊ विवरं खोदली आणि 2017 मध्ये गोठणे इथलं विवर तीन किलोमीटरपर्यंत नेलं. तिथं बसाल्ट संपून ग्रॅनाइट-नाइस लागायला बाराशे मीटरहून जास्त खाली जावं लागलं. हे काम कराडच्या विवर-भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेकडे आहे.

आता कुणी म्हणेल, विवरातून दगडाचा गोल गाभा काढता येतो, तो प्रयोगशाळेत दाबून पाहिला की झालं. गाभ्याची पेटी डोळ्यांपुढे आणा. अखंड खडकाच्या भागातून हातभर लांब, गुळगुळीत नळकांडी येतात. भेगाळलेल्या पट्ट्यातून येते खडी, कधी नुसता चुरा, आणि कधी पेटीतला तो कप्पा रिकामाच राहतो. दाबयंत्रात कोण जातं? जे नळकांडं धड राहिलं तेच. ज्या भागाची चिंता करायची, तो परीक्षेला बसतच नाही. म्हणून अभियंते दहा सेंटिमीटरहून लांब तुकडे एकूण लांबीच्या किती टक्के निघाले, याची नोंद ठेवतात. हा आकडा साधा आहे, पण मला तो फार प्रामाणिक वाटतो.

उरलेलं उत्तर विवराच्या आत मिळतं. तिथं एक लांब उपकरण सोडतात. त्याच्या एका टोकाकडून ध्वनीचा ठोका निघतो, भिंतीतल्या खडकातून धावतो आणि पुढच्या ग्राहकांवर पोचतो. त्यावरून प्राथमिक (दाबत जाणाऱ्या) आणि दुय्यम (आडवं हलवत जाणाऱ्या) तरंगांचा वेग कळतो, दुसऱ्या उपकरणाने घनता कळते. घनतेला दुय्यम तरंगाच्या वेगाच्या वर्गाने गुणलं की दृढता गुणांक, म्हणजे खडकाच्या ताठरपणाचं माप, निघतो. उदाहरण म्हणून अखंड ग्रॅनाइट घेऊ: घनता 2,650 किलो प्रति घनमीटर आणि वेग सेकंदाला 3.4 किलोमीटर धरला तर गुणांक येतो सुमारे 31 गिगापास्कल. भेगाळलेल्या पट्ट्यात घनता 2,550 आणि वेग 2.7 भरला, तर तो उरतो साडेअठरा. वेग पाचव्या हिश्शाने घटला आणि ताठरपणा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी गेला. वर्गाचा हा परिणाम आहे.

शाळेत शिकलेला 'स्थितिस्थापकता' हा शब्द ऐकला की रबर आठवतं, तेही सोडून द्यावं. इथं प्रश्न ताणण्याचा नाही, बल लागल्यावर खडक आपला आकार किती टिकवतो याचा आहे.

"भेगेत पाणी भरलं की ती बुजल्यासारखीच" हा समज अर्धाच खरा. पाणी दाबाला विरोध करतं, त्यामुळे प्राथमिक तरंगाचा वेग बराचसा सावरतो. पण पाण्याला आकाराची ताठरता नसते, म्हणून दुय्यम तरंग मंदच राहतो. दोन्ही वेगांचं गुणोत्तर वाढलं की जाणकाराला ओल्या भेगेचा संशय येतो. नुसता प्राथमिक वेग पाहणारा इथं हमखास फसतो.

शिवाय भेगा बहुधा ठरावीक दिशांना असतात. पत्त्यांचा कॅट वरून दाबा, हलत नाही. आडवा ढकला, पानं सरकतात. अशा खडकात दुय्यम तरंग दोन वेगांत फुटतो, आणि म्हणून सगळ्या दिशांना एकच आकडा लावणं चूक ठरतं.

विवरातला आकडा थेट बांधकामाच्या हिशोबात घालणंही धोक्याचं. ध्वनीचा ठोका खडकाला जेमतेम हलवतो, त्यात भेग मिटत नाही. धरणाचं वजन किंवा बोगद्याचं खोदकाम मात्र भेगा मिटवतं, सरकवतं. म्हणून प्रत्यक्ष भार देऊन काढलेला गुणांक सहसा कमी येतो, आणि भेगा जितक्या जास्त तितका हा फरक मोठा. त्यात उपकरणाला भिंतीलगतचा थोडाच खडक दिसतो, आणि खोदताना तीच भिंत दुखावलेली, काही जागी ढासळलेली असते. विवराची रुंदी मोजल्याशिवाय तिथले वेग खरे मानू नयेत.

राहिला भूकंपाच्या भाकिताचा प्रश्न. या आकड्यांवरून तारीख निघत नाही. पाण्याचा दाब वाढला की कुठला पट्टा आधी सैल होईल आणि त्यातून धक्के कसे प्रवास करतील, एवढं त्यांवरून मांडता येतं. आणि ते मांडायला रिकाम्या राहिलेल्या त्या कप्प्याच्या खोलीवरचेच वेग लागतात.