हवेचा आकडा काय सांगतो?

हिवाळा आला की मुंबई आणि परिसरातील हवेचा निर्देशांक वृत्तपत्रांतून रोज वाचावयास मिळतो. हा आकडा कसा ठरतो, हे समजले तरच त्याचा आपणांस उपयोग होईल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा ‘हवा गुणवत्ता निर्देशांक’ २०१५ साली सुरू झाला. त्यात आठ प्रदूषकांचा विचार केला जातो: पीएम १० व पीएम २.५ हे सूक्ष्म कण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. पीएम २.५ कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक असल्याने फुप्फुसांत खोलवर शिरतात.

प्रत्येक प्रदूषकाच्या प्रमाणावरून त्याचा उपनिर्देशांक काढतात. मात्र त्यांची सरासरी काढली जात नाही; सर्वांत मोठा उपनिर्देशांक हाच त्या ठिकाणचा निर्देशांक होय. समजा, पीएम २.५ चा उपनिर्देशांक १५०, नायट्रोजन डायऑक्साइडचा ५० आणि सल्फर डायऑक्साइडचा २५ आहे. तर निर्देशांक १५० च राहील. एक घटक घातक असेल, तर इतरांच्या चांगुलपणाने तो झाकला जाऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

निर्देशांक ५० पर्यंत असल्यास हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर समजली जाते.

येथे शब्दांनी फसू नये. ‘मध्यम’ हवेतही दमा, फुप्फुसांचे विकार व हृदयविकार असलेल्यांना श्वसनाचा त्रास होऊ शकतो. पीएम २.५ चे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असले तरी आपल्याकडे हवा ‘समाधानकारक’ ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेली मर्यादा मात्र १५ आहे. शिवाय कणांचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा असल्याने, शेजारी आता पेटविलेल्या कचऱ्याचा धूर त्यात लगेच दिसत नाही.

म्हणून घरात वृद्ध, गरोदर स्त्री, लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असल्यास आकडा शंभरापुढे जाताच सावध व्हावे. मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर जवळच्या केंद्राची नोंद पाहावी, त्या दिवशी बाहेरचे श्रमाचे काम व व्यायाम कमी करावा आणि औषध जवळ ठेवावे. कचरा न जाळणे, हे तर आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.